पत्रापत्री : ऑड्री लॉर्ड बर्लिनला गेली तेव्हा

गेल्या अंकात ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीवर मी दीड पान लिहिलं आणि जाता जाता एका ओळीत म्हटलं की हिच्यामुळे जर्मनीत एक अख्खी चळवळ उभी राहिली. ती ओळच अंगाशी आली. दीड पानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, सगळी पत्रं त्या एका ओळीवर. म्हटलं या वेळचं सदर त्यातच जाऊ दे. एका काकांनी "एवढ्या मोठ्या लेखिकेला अगं-तुगं काय करता" म्हणून झापलंय, त्यांना आधी सॉरी. कविता वाचून वाचून ओळख झाली की मला अहो-जाहो जमत नाही, या वेळीही जमणार नाही.

प्रश्न : इन्स्टावर हिची वाक्यं सारखी दिसतात, ते "मालकाच्या हत्यारांनी मालकाचं घर पाडता येत नाही" वगैरे. पण ही नक्की कोण होती, आणि न्यूयॉर्कची बाई जर्मनीत काय करत होती? (एम.ए.ची विद्यार्थिनी)

इन्स्टाचं कसंय, वाक्य पोचतं पण ते कुठे आणि कुणाच्या तोंडावर म्हटलं होतं ते गळून पडतं. हे वाक्य 1979 चं, न्यूयॉर्कमधल्या स्त्रीवादी अभ्यासकांच्या परिषदेतलं. म्हणजे समोर कुणी शत्रू नव्हते, आपल्याच म्हणवणाऱ्या बायका बसल्या होत्या, आणि ती त्यांना सांगत होती की परिषद बायकांची, पण कृष्णवर्णीय बायकांना तुम्ही शोधलंत ते आयत्या वेळी आणि बसवलंत एकाच चर्चेत. हे ठाऊक असलं की ते वाक्य वेगळंच टोचतं.

जन्म 1934 चा, न्यूयॉर्कमध्ये हार्लेममधला. वडील कॅरिबियनमधल्या बार्बाडोसचे, आई तिथल्याच ग्रेनाडाजवळच्या कारियाकू नावाच्या बेटावरची. घरात "घरी" म्हटलं की ते बेट, जे पोरीनं लहानपणी कधी पाहिलेलंच नाही. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणारे. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा वाय तिनं लहानपणीच काढून टाकला, का तर पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही ई वर संपलेलं तिला छान दिसायचं (आपल्या लिपीत ही गंमत पार वाया जाते). शिकून लायब्ररियन झाली, 1968 मध्ये पहिला कवितासंग्रह आला, मग प्राध्यापकी. लग्न, दोन मुलं, घटस्फोट, नंतर उघडपणे स्त्रीबरोबर संसार. 1978 मध्ये ब्रेस्ट कॅन्सर झाला, एक स्तन काढला आणि खोटा लावायला तिनं नकार दिला. स्वतःची ओळख करून देताना ती म्हणायची, कृष्णवर्णीय, लेस्बियन, आई, योद्धा, कवी, आणि यातलं एकही गाळू द्यायची नाही.

जर्मनीचं असं झालं. 1980 मध्ये कोपनहेगनला संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद होती, तिथे तिला पश्चिम बर्लिनच्या डाग्मार शुल्ट्झ भेटल्या. या फ्री युनिव्हर्सिटीत शिकवायच्या आणि बायकांचं एक छोटं प्रकाशन चालवायच्या, जे पुढे ओर्लांडा नावानं ओळखलं गेलं. त्यांनी गळ घातली की ये आमच्याकडे शिकवायला. ती आली 1984 च्या वसंतात, एका सेमिस्टरसाठी, कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रींवर वर्ग घ्यायला. येण्याच्या थोडंच आधी लिव्हरमध्ये गाठ आहे असं कळलं होतं, डॉक्टर म्हणत होते ताबडतोब उघडून बघू, तर ही विमानात बसली. पुढे 1992 पर्यंत जवळजवळ दर वर्षी येत राहिली, उपचारांसाठी आणि माणसांसाठी.

प्रश्न : "अफ्रो-जर्मन" हा शब्द लॉर्डनं तयार केला असं वाचलं. एका शब्दानं एवढा काय फरक पडतो? आणि जर्मनीत कृष्णवर्णीय लोक होतेच किती? (एक भाषांतरकार)

तुम्ही भाषांतर करता आणि एका शब्दानं काय फरक पडतो विचारता, कमाल आहे!

आधी "होतेच किती" बद्दल, कारण नेमका हाच प्रश्न तिथे सगळ्यांनाच पडायचा आणि उत्तर कुणी शोधत नव्हतं. टोगो, कॅमेरून, आजचं नामिबिया, टांझानिया, या पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीच्या वसाहती होत्या आणि तिथून माणसं जर्मनीत येऊन राहिली होती, लग्नं केली होती. त्या युद्धानंतर ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यात फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी सैनिक आले, त्यांना जर्मन बायकांपासून मुलं झाली. 1937 मध्ये नाझींनी त्यातल्या सुमारे 400 मुलांची गुपचूप नसबंदी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांची मुलं, तीही हजारांत. मग आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची. म्हणजे माणसं होती, पिढ्यान्‌पिढ्या होती, आई जर्मन, भाषा जर्मन, स्वप्नं पडायची तीही जर्मनमध्ये, फक्त त्यांना हाक मारायला धड शब्द नव्हता. जे होते ते सगळे शिवीसारखे. "मिश्लिंग", म्हणजे भेसळ झालेला, आणि नाझी कायद्यांत अर्ध्या ज्यूंसाठी हाच शब्द. "बेझात्सुंग्सकिंड", म्हणजे शत्रूच्या ताब्याच्या काळात झालेलं पोर. आपण कोण हे सांगायला तोंड उघडलं की आपल्याच तोंडून आपली शिवी बाहेर पडायची. काय करायचं अशा वेळी, गप्प बसायचं.

लॉर्डनं येतानाच ठरवलं होतं की इथल्या कृष्णवर्णीय बायकांना भेटायचं. मे 1984 मधल्या तिच्या डायरीत हाच विचार घोळतोय, की या कोण आहेत, यांचे आणि आपले रस्ते कुठे मिळतात. वर्गात, कवितावाचनाला, जिथे कुणी दिसेल तिथे ती बोलायला लागायची. त्यातली एक जण तिला म्हणाली, अफ्रो-जर्मन असणं ही चांगली गोष्ट असू शकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्या वेगळेपणाला नावच नाही ते वेगळेपण जगायचं दुखणं या बोलण्यात होतं, असं लॉर्डनं लिहून ठेवलंय. मला हे फार पटतं. दुखतंय कुठे ते सांगता आलं तरच डॉक्टर तरी काही करणार ना.

आता शब्द कुणाचा? एकटीचा नाही. लॉर्डला भेटलेल्या त्या मुलींनी स्वतः लिहिलंय की अफ्रो-अमेरिकन वरून "अफ्रोडॉइच" हा शब्द आम्ही लॉर्डबरोबर मिळून तयार केला. "बरोबर मिळून" हे महत्त्वाचं, कारण तिनं तो खिशातून काढून वाटला असता तर तोही वरून आलेलाच शब्द झाला असता, जरा बऱ्या चालीचा एवढंच. आपल्याकडेही "हरिजन" आणि "दलित" या दोन शब्दांत नेमका एवढाच फरक आहे, कुणी दिलेला आणि कुणी घेतलेला, याहून जास्त मी सांगायला नको.

पुढे या शब्दावर वादही झाले हां. एक पालक जर्मन आणि एक आफ्रिकी किंवा आफ्रिकी वंशाचा, अशांनाच तो बसतो, मग ज्यांचे दोन्ही पालक आफ्रिकी त्यांचं काय? म्हणून "श्वार्त्से डॉइचे", कृष्णवर्णीय जर्मन, हे जास्त चालायला लागलं. यात अजून एक बारीक गोष्ट आहे, जर्मनमध्ये विशेषण लहान अक्षरानं लिहितात पण हे लोक "श्वार्त्स" मधला एस मुद्दाम कॅपिटल लिहितात, की हा कातडीचा रंग नाही, ही आमची निवडलेली ओळख आहे. लॉर्ड उलट बाजूनं हेच करायची, ब्लॅक कॅपिटल आणि अमेरिका बऱ्याचदा लहान अक्षरात. देवनागरीत भांडायला ही सोयच नाही.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एक बाई बाहेरून येते, चार महिने शिकवते आणि चळवळ सुरू होते? ही व्यक्तिपूजा झाली. (निवृत्त शिक्षक)

सर, राग कसला. माझ्या त्या ओळीला तुम्ही दिलेला झब्बू मी निमूट घेते. "हिच्यामुळे उभी राहिली" हे मी आळशीपणानं लिहिलं.

खरं काय झालं ते बघा. त्या मुलींपैकी एक होती मे ओपित्स, जी नंतर मे आयिम नावानं लिहायला लागली. वडील घानाचे, आई जर्मन, जन्म 1960 चा हाम्बुर्गचा, वाढली पालक म्हणून मिळालेल्या गोऱ्या कुटुंबात. ती रेगेन्सबर्गला शिकत होती आणि तिला प्रबंध लिहायचा होता अफ्रो-जर्मनांच्या इतिहासावर. तिथले प्राध्यापक म्हणाले, आजच्या जर्मनीत वंशद्वेष आहेच कुठे. ही पोरगी हटली नाही, जुनी कागदपत्रं शोधत बसली. दुसरी काथारिना ओगुनटोये, 1959 ची, जन्म पूर्व जर्मनीतला, वडील नायजेरियन. या दोघी आणि शुल्ट्झ, तिघींनी मिळून 1986 मध्ये एक पुस्तक काढलं, "फार्बे बेकेनेन". मेच्या त्या प्रबंधाचा इतिहास हा त्याचा कणा, आणि भोवती वेगवेगळ्या वयाच्या अफ्रो-जर्मन बायकांची स्वतःची कहाणी. त्यात दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत, वडील कॅमेरूनचे आणि आई पूर्व प्रशियाची, हिटलरचा अख्खा काळ जर्मनीतच काढलेल्या. त्या विशीतल्या मुलींना इतकी वर्षं वाटत होतं की आपण पहिल्याच, आपल्या आधी कुणी नव्हतंच, आणि इथे आजी शोभतील अशा दोघी समोर बसून सगळं सांगतायत!

पुस्तकाच्या नावावर थोडं थांबते, कारण ते भारी आहे. शब्दशः अर्थ रंग कबूल करणं. पण हा वाक्प्रचार पत्त्यांच्या खेळातला, ज्या रंगाचं पान पडलंय त्याच रंगाचं पान टाकायला लागतं, हातात असताना लपवता येत नाही. त्यावरून बोलीत अर्थ झाला की आता आडपडदा नको, कुठल्या बाजूला आहेस ते सांग. म्हणजे एकाच नावात कातडीचा रंगही आला आणि वाचणाऱ्या गोऱ्या जर्मनाला आव्हानही आलं. मराठीत हे कसं आणायचं याचा मी दोन दिवस विचार केला, मला काही जमलं नाही, भाषांतरकार मॅडमनी बघावं.

तर सर, अभ्यास मेचा, धावपळ काथारिनाची, छपाई शुल्ट्झची, आयुष्यं त्या बायकांची. लॉर्डनं काय केलं? सतत मागे लागली, की एकमेकींना शोधा आणि लिहा. इकडे-तिकडे एकेकट्या विखुरलेल्या बायकांना एका खोलीत आणलं, पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. बस. पण हे "बस" छोटं नाहीये, कारण तोवर गावात आपण एकट्याच काळ्या अशीच प्रत्येकीची अवस्था होती. इका ह्युगेल-मार्शल म्हणून एक होत्या, 1947 च्या, वडील अमेरिकन सैनिक. लहानपणी आईपासून तोडून अनाथालयात घातलेल्या, तिथल्या नन्सनी अंगातला सैतान काढायचे प्रकार केलेले. त्यांना दुसरी अफ्रो-जर्मन व्यक्ती भेटली तोवर चाळिशी आली होती! चाळीस वर्षं आपल्यासारखा एक चेहरा दिसला नाही, विचार करून बघा. यांनीही पुढे आत्मचरित्र लिहिलं.

याच 1985-86 च्या सुमारास कृष्णवर्णीय जर्मनांची आयएसडी नावाची संघटना उभी राहिली आणि बायकांची "आडेफ्रा". आडेफ्रानं मासिक काढलं त्याचं नाव "आफ्रेकेटे", हे लॉर्डच्या "झामी" या पुस्तकातल्या एका पात्राचं नाव. 1990 पासून बर्लिनमध्ये ब्लॅक हिस्टरी मंथ सुरू झाला. हे सगळं त्या लोकांनी केलं, लॉर्ड तर तेव्हा अर्धा वेळ आजारी असायची.

शेजारच्या नेदरलँड्समध्येही असंच काहीसं, ॲमस्टरडॅममध्ये ग्लोरिया वेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी ऐंशीच्या दशकात जो गट काढला त्याचं नाव "सिस्टर आउटसायडर", थेट लॉर्डच्या निबंधसंग्रहाचं. ती तिथेही जाऊन आली. पण तिकडचं मला बर्लिनएवढं माहीत नाही, तेव्हा पुढे जाते.

प्रश्न : मी सध्या बर्लिनमध्ये नोकरीला आहे. क्रॉइत्सबर्गमध्ये नदीकाठी "मे-आयिम-उफर" अशी पाटी रोज बघतो. तुमच्या लेखात हे नाव नव्हतं, पण ही तीच का त्या लोकांपैकी? आणि मलाही इथे रोज विचारतात की तू मूळचा कुठला, याचं मला तरी काही वाटत नाही. (एक आयटीवाले)

तीच. वर सरांना दिलेल्या उत्तरातली मे.

त्या काठाचं आधीचं नाव होतं ग्रोबेनउफर. हा ग्रोबेन सतराव्या शतकातला ब्रांडेनबुर्गचा माणूस, आजच्या घानाच्या किनाऱ्यावर यानं किल्ला बांधला आणि तिथून गुलामांचा व्यापार चालला. 2010 मध्ये ते नाव काढून मेचं लावलं. तिचे वडील घानाचे हे मी वर सांगितलंच. पाटी बदलणाऱ्यांनी नेमकी नस पकडली असं मला वाटतं, नाहीतर पाट्या बदलणं हा फार स्वस्तातला पुरोगामीपणा असतो. तिथून फार लांब नाही, मांटॉयफेलश्ट्रासेच्या एका भागाला आता ऑड्री लॉर्डचं नाव आहे, सुट्टीच्या दिवशी चालत जाऊन या.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल. तुम्हाला विचारतात मूळचा कुठला, तुम्ही गावाचं नाव सांगता, विषय संपतो, आणि खरंच तुम्ही तिथले असता. मेला विचारायचे तेव्हा ती सांगायची हाम्बुर्ग. मग पुढचा प्रश्न, नाही, म्हणजे मूळची? मग वडील कुठले? आणि मग, परत कधी जाणार? परत कुठे जाणार, ती आलीच नव्हती कुठून! तुमच्यासाठी तो गप्पांचा प्रश्न आहे, तिच्यासाठी दर वेळी दार दाखवणं होतं. आणि इथे मी म्हटलं होतं ना लक्षात ठेव, ते ग्रेनाडाजवळचं न पाहिलेलं बेट, लॉर्डला हा प्रश्न आतून कळत होता. घर म्हणून जे सांगतात ते पाहिलेलं नाही आणि जिथे जन्मलो ते घर आहे असं कुणी म्हणू देत नाही.

बर्लिनची भिंत पडली तेव्हा सगळं जग नाचत होतं, आणि या कृष्णवर्णीय जर्मनांना भीती वाटायला लागली होती. मेनं जर्मन एकीकरणावर कडू कविता लिहिल्या, की हे "आपण एक झालो" मध्ये आम्ही कुठे आहोत. लॉर्डनंही पूर्व बर्लिनवर लिहिलं. आणि ती भीती उगीच नव्हती, 1991 मध्ये होयर्सवेर्डाला आणि ऑगस्ट 1992 मध्ये रोस्टॉकला परदेशी लोकांच्या वस्त्यांवर जमाव चालून गेला, लोक टाळ्या वाजवत उभे होते. त्यानंतर लॉर्ड आणि तिची जोडीदार ग्लोरिया जोसेफ यांनी चान्सलर हेल्मुट कोल यांना जाहीर पत्र लिहिलं. तेव्हा तिच्या हातात महिनेच उरले होते, 17 नोव्हेंबर 1992 ला ती कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर वारली, 58 वर्षांची.

मे आयिम त्यानंतर फक्त चार वर्षं जगली. 1995 मध्ये तिचा पहिला कवितासंग्रह आला, आजारपण आलं, आणि ऑगस्ट 1996 मध्ये तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. 36 वय.

प्रश्न : लॉर्ड गोऱ्या स्त्रीवाद्यांवर सारखी चिडलेली असायची म्हणे. ज्यांनी बोलावलं त्यांच्यावरच? (एक वाचक)

हो, त्यांच्यावरच, आणि त्यांच्या घरी जेवून, त्यांच्याबरोबर नाचून! यात विरोध आहे असं तिला वाटायचं नाही. ती येण्याआधीच 1983 मध्ये शुल्ट्झनी तिचे आणि एड्रियन रिच या गोऱ्या अमेरिकन कवयित्रीचे लेख जर्मनमध्ये छापले होते, म्हणजे तिचा पहिला जर्मन वाचक गोऱ्या स्त्रीवादी बायकाच. या बायका अमेरिकेतल्या वंशद्वेषावर तासन्‌तास बोलायच्या, आणि शेजारी बसलेल्या कृष्णवर्णीय जर्मन मुलीला विचारायच्या, तू किती छान जर्मन बोलतेस गं. लॉर्ड चिडायची ती यावर. आणि चिडल्यावर समोरची रडायला लागली तर ते तिला अजूनच चालायचं नाही, तिचं म्हणणं अपराधी वाटून घेणं हा काही न करण्याचाच एक प्रकार आहे. रागात माहिती असते, ती घ्या आणि कामाला लागा. शुल्ट्झनी ती घेतली असं मी म्हणेन, बाकी सगळ्यांनी घेतली असं काही नाही.

प्रश्न : कुठून वाचायला सुरुवात करू? आणि तिनं कॅन्सरवर जर्मनीत जे उपचार घेतले ते काय होते? माझ्या मावशीसाठी विचारतेय.

मावशींचं आधी. होमिओपॅथी आणि मिसलटो नावाच्या वनस्पतीच्या अर्काची इंजेक्शनं, असं काय काय तिनं घेतलं, ऑपरेशन नाकारून. ती पुढे आठ वर्षं जगली हे खरं, पण ती त्या औषधानं जगली असं यावरून सिद्ध होत नाही, आणि मी कवितेचं सदर लिहिते, डॉक्टर नाही. कृपा करून मावशींच्या डॉक्टरांशीच बोला, पुस्तक वाचून काही थांबवू नका आणि काही सुरूही करू नका. मात्र मावशींना वाचायची आवड असेल तर "द कॅन्सर जर्नल्स" जरूर द्या, 1980 चं, लहानसं आहे. त्यात उपाय नाहीत, पण ऑपरेशननंतर आरशासमोर उभं राहिल्यावर काय होतं ते आहे, आणि सगळेजण "आता सगळं आधीसारखं दिसेल हं" म्हणत असताना बाईला नेमका का राग येतो तेही.

बर्लिनसाठी "अ बर्स्ट ऑफ लाइट", त्यातली 1984 पासूनची डायरी. शुल्ट्झनी तिच्या बर्लिनच्या वर्षांवर 2012 मध्ये एक डॉक्युमेंटरी केली, ती कुठे मिळाली तर सोडू नका, त्यात ती मैत्रिणींबरोबर मस्त नाचते. "फार्बे बेकेनेन" इंग्रजीतही आलंय, "शोइंग अवर कलर्स" नावानं. माझी प्रत गेल्या वर्षी कुणीतरी वाचायला नेलीये. ज्यांनी नेली ते हे सदर वाचतात हे मला माहितीये, तेव्हा आणून द्या.